मुंगीचा डबा

त्याने किसलेलं गाजर मुठीत धरून पिळलं, तेव्हा अर्धं पाणी वाटीत पडलं आणि उरलेलं मनगटावरून थेट शर्टाच्या बाहीत शिरलं.

"अजून पीळ," बायको खुर्चीवरून म्हणाली. "हे पाणी आत्ता नाही काढलं तर अकरा वाजेपर्यंत ब्रेडचा लगदा होतो."

त्याने पुन्हा पिळलं. ही खुर्ची बाहेरच्या खोलीतली. बायकोला ओट्याशी उभं राहवेना तेव्हा त्याने ती स्वयंपाकघरात आणली, आणि गेल्या आठवड्यापासून तिच्या पाठीमागे उशीही लागायला लागली होती. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. घरीच ठेवा म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं होतं. एक अख्खी दुपार रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि कामाचं काढलं. काम एकच, पोरीचा शाळेचा डबा. बाकीचं तुम्ही दोघं निभावून न्याल, ती म्हणाली. वेणी वाकडी घातली म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण खाण्याच्या बाबतीत ही माझ्यावर गेलीये. तुझ्या हातचं खायला लागली, हे एकदा माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

पोरगी पाच वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव मुंगी पडलेलं.

तो बुकबाइंडर होता. वीस वर्षं पुस्तकं बांधून त्याचे हात तयार झाले होते, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला. पहिल्या दिवशी सँडविच भरून झाल्यावर त्याने त्यावर लाकडी फळी ठेवली, फळीवर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि दहा मिनिटं निवांत चहा प्यायला. बांधलेली गोष्ट दाबाखाली ठेवायची असते, नाहीतर आत हवा राहते. उकडलेलं अंडं चारी बाजूंनी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी त्याने पातेलं ठेवलं नाही, पण पट्टी लावून ब्रेडच्या कडा अशा सरळ कापल्या की बघत राहावं. फक्त तीनच बाजूंच्या.

"आणि ही चौथी?" बायकोने विचारलं.

"ती पाठ," तो म्हणून गेला. पुस्तकाची पाठ कोण कापतं?

ती इतकी हसली की तिला उचलून आडवं करावं लागलं. नंतर धाप ओसरल्यावर म्हणाली, "वही नाही बांधायची रे. पोरीला खायचंय. कडा चारी ठेव."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला शिकवणी. लोणी दोन्ही तुकड्यांना आणि पार कडेपर्यंत लावायचं, म्हणजे ओल ब्रेडमध्ये उतरत नाही. काकडी उभी चिरायची, चमच्याने मधल्या बिया काढून टाकायच्या. केळ्याच्या चकत्यांवर लिंबाचे दोन थेंब, नाहीतर त्या काळ्या पडतात आणि मुलं काळं झालेलं खात नाहीत. उकडलेला बटाटा गरम असताना भरायचा नाही. चार तुकडे करायचे, तिच्या मुठीत मावतील एवढे. तो सगळं करायचा, मन लावून करायचा. आणि दुपारी एकला शाळेतून मुंगीला आणायला गेला की डबा जसा दिला तसा परत मिळायचा.

"उघडते, बघते आणि झाकण लावते," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "आम्ही भरवून पाहिलं. ओठ घट्ट मिटून घेते."

घरी ती जेवायची. रात्रीचं ताट चाटूनपुसून साफ करायची. फक्त डब्याशीच तिचं वैर होतं. बापाने लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. चौथ्या दिवशी त्याने मुंगीला जिन्यातून पुढे पाठवलं आणि मधल्या वळणावर, पायरीवर बसून, ते सँडविच स्वतःच खाल्लं. मग वर जाऊन पोरगी हातपाय धूत असताना रिकामा डबा बायकोपुढे धरला.

"संपवला?"

"संपवला."

सहा दिवस हे चाललं. त्या सहा दिवसांत बायकोने पोरीला एकदाही शाबासकी दिली नाही, हे खरंतर त्याच्या लक्षात यायला हवं होतं. सातव्या दिवशी तिने डबा हातात घेतला, आत बघितलं आणि शांतपणे विचारलं,

"कडा कोण खातंय?"

तो डब्याचं झाकण शोधायला लागला.

"ती कडेला धरते, मधलं खाते आणि कडा परत आणते. शाळेत जायला लागली तेव्हापासून एक दिवस चुकली नाही. तू कडांसकट फस्त करतोस."

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला खोटं बरं वाटून काय करू? तेवढा वेळ आहे का माझ्याकडे?" ती रागावली नव्हती, दमली होती. "जसा येईल तसा दाखवायचा. कबूल?"

तो कबूल म्हणाला आणि पुढे त्याने शब्द पाळला. पाळायला काय लागतं? रोज भरलेला डबा आणायचा, रोज तिचा चेहरा पडलेला बघायचा. ती म्हणायची, उद्या पीनट बटर करून बघू. उद्या चीज जरा कमी घाल. उद्या गोल काप, पेल्याच्या काठाने. तिचा आवाज दर दिवशी थोडा खाली जात होता आणि तिच्या कल्पना मात्र संपत नव्हत्या. दिवसभरात ती अंथरुणातून उठायची ती तेवढीच, सकाळची वीस मिनिटं.

"त्या डब्यापायी उठते तरी," खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या. तो कामावर असताना त्याच तिच्याजवळ बसत. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्याला ते ऐकवायचं नाही.

पाचव्या आठवड्यात एका गुरुवारी ती उठली नाही. त्याने नेहमीसारखा खांद्याखाली हात घातला, पण तिने मान हलवली.

"आज नाही जमायचं. अंडं कर. मिरपूड चिमूटभरच." एवढं बोलायला तिने दोनदा थांबून श्वास घेतला.

मुंगी दारात उभी होती, एक मोजा पायात, एक हातात. तिने आईकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि दुसरा मोजा चढवला. त्याने एकट्याने अंडं उकडलं, कुस्करलं, मीठ-मिरपूड घातली, ब्रेडला लोणी लावलं. हात सरावाने चालले. त्याला कुणी काही सांगत नव्हतं आणि काही चुकतही नव्हतं, आणि याचंच त्याला फार वाईट वाटलं.

दुपारी शाळेच्या फाटकाशी बाईच पुढे आल्या.

"अहो, आज संपवला बरं का! सकाळी पळापळीचे खेळ घेतले, भूक लागली असणार. कुणी काही म्हणालं नाही, आपली आपणच बसली आणि खाल्लं."

डबा हाताला हलका लागला. त्याने तिथल्या तिथे उघडला. आत नुसत्या कडा होत्या, आठही, पोखरून ठेवलेल्या. त्याला वाटलं, पोरीला कडेवर घ्यावं आणि घरापर्यंत पळत सुटावं. सकाळी बायको ज्या तऱ्हेने बोलत होती त्यावरून उशीर करण्यात अर्थ नव्हता. एवढी एक गोष्ट तिने मागितली होती, आणि ती त्याच्या हातात होती.

पण मुंगी भरभर चालेना. रोज उड्या मारत येणारी पोरगी पाय ओढत आली आणि जिन्याच्या मधल्या वळणावर बसून राहिली.

"चल की, मुंगे. आई वाट बघतेय."

"मी विसरले," ती म्हणाली.

"काय विसरलीस? वॉटरबॅग?"

"खायचं नाही ते विसरले. मला खूप भूक लागली होती." तिची हनुवटी थरथरायला लागली. "आता आई जाणार?"

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. "कोण म्हणालं असं?"

"आईच. काकूंना सांगत होती. हिने बाबाच्या हातचा डबा संपवला की मी सुटले, मग मला खुशाल न्या." आईचे शब्द तिने आईच्याच सुरात म्हणून दाखवले, शेवटच्या हसण्यासकट.

त्याला तो दिवस आठवला. शिकवणीचा पहिलाच दिवस. अंडं चारी बाजूंनी बाहेर आलेलं, काकू कपाळाला हात लावून बसलेल्या, आणि बायको हसत हसत हे म्हणाली होती. तोही हसला होता. पोरगी कुठे होती तेव्हा, टेबलाखाली की दाराआड, हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे इतके दिवस ती डबा उघडत होती, बघत होती, झाकण लावत होती, आणि उपाशीपोटी घरी येऊन आई अजून आहे ना ते पाहत होती. पाच वर्षांची पोर. त्याला स्वतःची शरम वाटली.

"तसं नसतं, बाळा," तो म्हणाला. "डबा खाल्ल्यामुळे कुणी जात नाही."

"मग नाही जाणार?"

त्याने तोंड उघडलं. पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. जिन्याखालून कुणीतरी सायकल काढत होतं, तिची घंटा दोनदा वाजली.

"तू आईला सांगू नको ना," मुंगी म्हणाली. "सांग की नाही खाल्लं."

वरून काकू उतरत आल्या. तो आला की त्यांची सुटका व्हायची. दोघांना पायरीवर बसलेलं पाहून त्या थांबल्या.

"काकू," तो उठत म्हणाला, "दोन ब्रेड मिळतील?"

त्यांनी त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपलं दार उघडलं.

"अंडं आहे?"

"अंडी कालच संपली. काकडी आहे बघ."

त्याने कडा कचऱ्यात टाकल्या. त्या टाकताना हात अडखळला, कारण महिनाभर तो त्यांचीच वाट बघत होता. काकडी चिरली, लोणी लावलं, चार तुकडे केले, डबा भरला. मुंगी ओट्याला नाक लावून बघत होती. झाकण तिनेच लावलं, दोन्ही हातांनी दाबून.

वर बायको जागी होती. पडदा ओढलेला होता, तरी तिने त्यांना आत येताना ओळखलं. मुंगी दाराशीच थांबली. त्याने डबा उघडून पलंगाच्या कडेला धरला.

"आज पण नाही खाल्लं," तो म्हणाला.

तिने मान जराशी वळवली आणि डब्यात बघितलं. हिरव्या चकत्या ब्रेडमधून डोकावत होत्या. ती बघतच राहिली. सकाळी तिने आपल्याला अंडं करायला सांगितलं होतं, ते त्याला त्या क्षणी आठवलं, पण डबा तसाच धरून ठेवण्याशिवाय त्याच्या हाती काही नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराशी श्वास रोखून उभ्या असलेल्या पोरीकडे.

"इकडे ये," ती म्हणाली.

मुंगी पलंगाशी गेली. आईने हात उचलला. पोरीच्या कॉलरवर अंड्याचा पिवळा कण वाळून चिकटला होता. तो तिने अंगठ्याने पुसला, पुन्हा पुसला, मग अंगठा निरखून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. हात मात्र तिला परत नेता येईना. तो त्याने उचलून पांघरुणावर ठेवला.

"काकडीच्या बिया तशाच ठेवल्यास," ती त्याला म्हणाली.

"राहिल्या," तो म्हणाला.

"उद्या तू उठणार?" मुंगीने विचारलं.

बायकोने डोळे मिटले होते. उत्तर यायला इतका वेळ लागला की त्याला वाटलं, ती झोपली.

"उठावंच लागेल," ती म्हणाली. "बाबाला अजून काहीसुद्धा येत नाही."