कंट्रोलर साहेबांचं वेळापत्रक

सर्जेराव वाघमारे माजलगावच्या स्टँडवर एकोणीस वर्षं कंट्रोलर होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकदासुद्धा चुकीची गाडी पुकारली नाही. हे ते स्वतः सांगायचे, हे खरं; पण गावही सांगायचं. माइकवर त्यांचा आवाज आला की माणसं हातातला चहा तसाच ठेवून फलाटाकडं निघायची. सर्जेराव बोलले म्हणजे गाडी लागली, त्यात पुन्हा कुणाला विचारायचं काम नव्हतं. जमीन नाही, जुमला नाही, पण गावात शब्दाला एवढा भाव असलेला दुसरा माणूस दाखवा म्हणावं.

दोन हजार दोनच्या दिवाळीआधी ते रिटायर झाले आणि घर हैराण झालं. सरूबाई भाकरी टाकायला बसल्या की हे घड्याळ बघून सांगायचे, परळी सुटली असंल. जेवताना सांगायचे, गेवराई यायला पाहिजे आता. एके दिवशी दुपारच्या झोपेत त्यांनी पैठणची गाडी पुकारली, तेव्हा मात्र सरूबाईंनी हात टेकले. घरात गाड्या पुकारायच्या असतील तर आधी फलाट बांधा, नाहीतर कुठंतरी जाऊन बसा, असं त्यांनी नवऱ्याला सरळ सांगून टाकलं.

बसायची जागा सापडली ती स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर क्लासात. क्लास शिवकन्या नावाची मुलगी चालवायची. मोंढ्यातल्या आडत्याची लेक, अंबाजोगाईला शिकून आलेली, बोलायला फटकळ. चार कॉम्प्युटर, एक फोनची लाईन, आणि ती लाईन इंटरनेटला जोडली की आधी दोन मिनिटं नुसती किंचाळायची. सर्जेराव पोरासोरांच्या बॅचमध्ये बसायला लागले. ते तिला मॅडम म्हणायचे आणि ती त्यांना काका म्हणायची, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस शिवकन्यानं वेबसाईट म्हणजे काय ते दाखवलं. इथं बसून लिहिलेलं पुण्यातल्या माणसाला दिसतं म्हणाली. सर्जेरावांनी कान टवकारले. नोकरीत असताना त्यांना रोज वीस-पंचवीस फोन यायचे. पुण्याहून, औरंगाबादहून पोरं विचारायची, साहेब, आमची आई निघालीय, पुढची गाडी कितीला हाय? आता तो फोन दुसरं कुणी उचलत होतं, आणि खरं सांगायचं तर तेच सर्जेरावांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी त्या दिवशीच ठरवलं की माजलगावच्या सगळ्या गाड्या कॉम्प्युटरवर चढवायच्या.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी आराखडा काढला. सगळा जिल्हा, चारशे गाड्या, तिकीट किती, थांबे कुठले, कुठल्या थांब्यावर चहा बरा मिळतो, सगळंच. शिवकन्यानं तो कागद बघितला आणि पेन्सिलीनं एकेक गोष्ट खोडत गेली. पहिलंवहिलं काम आहे काका, म्हणाली, एकच स्टँड घ्या. माणसानं गाव निवडायचं, बटण दाबायचं, गाड्यांच्या वेळा दिसायच्या, बस्स. चहाचं खोडताना सर्जेरावांना फार वाईट वाटलं, पण मॅडमपुढं बोलायची सोय नव्हती.

मग चार महिने नुसती झटापट. ओळीच्या शेवटी एक बारीक खूण टाकायची असते, ती राहिली की अख्खं पान कोरं व्हायचं. सर्जेराव तासन्‌तास डोकं खाजवत बसायचे आणि शिवकन्या मागून जाता जाता म्हणायची, काका, पंच मारायचा राहिलाय. सर्जेराव कंट्रोलर व्हायच्या आधी कंडक्टर होते, त्यांना ते बरोबर कळायचं. बिनपंचाचं तिकीट चालत नाही तर बिनखुणेची ओळ कशी चालेल? मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसायची, म्हणून त्यांनी मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं.

वेळा भरायची वेळ आली तेव्हा शिवकन्या म्हणाली, स्टँडवरच्या बोर्डावरून उतरवून आणा. सर्जेरावांना राग आला. बोर्ड? एकोणीस वर्षं ज्यानं गाड्या सोडल्या त्याला बोर्ड दाखवता? त्यांनी डोळे मिटले आणि त्रेसष्ट गाड्यांच्या वेळा धडाधड सांगितल्या. शिवकन्यानं गुपचूप सगळ्या भरून घेतल्या, आणि मेख तिथंच होती.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी साईट चालू झाली. शिवकन्याचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरपुढं नारळ फोडावा. आमच्यात मुहूर्त न्हाई न् नारळ न्हाई, सरूबाई म्हणाल्या, पण खीर केलीय ती खावा. खीर खाल्ली, बटण दाबलं, फोनची लाईन किंचाळली आणि तासाभरानं पान वर चढलं. सर्जेरावांनी परळी निवडून बघितली, गेवराई निवडून बघितली. प्रत्येक वेळा बरोबर आली. त्यांचे डोळे भरले, आणि धूर नसलेल्या खोलीत ते धुरामुळं भरले असं त्यांनी सांगितलं.

पुढचे बारा दिवस माणूस जमिनीवर नव्हता. किती जणांनी पान उघडलं त्याचा आकडा खाली दिसायचा. सात, मग अठरा, मग चाळीस. रोज दुपारी दोन-अडीचला ते स्टँडवर चक्कर मारायचे, आपल्या गाड्या आपल्या वेळेला सुटतात का बघायला.

तेराव्या दिवशी उशीर होऊन चार वाजून दहा मिनिटांनी ते स्टँडवर पोचले तर कंट्रोलरच्या खिडकीपाशी एक म्हातारी भांडत होती. पायाशी पिशवी, एका डोळ्याला हिरवं फडकं. धर्मापुरीची थेट गाडी नुकतीच निघून गेली होती, आणि दिवसातली ती शेवटची. नवा कंट्रोलर विश्वेश्वर समजावत होता की आजी, गाडी चारचीच आहे, बोर्ड बघा. म्हातारी म्हणत होती, बोर्ड गेला खड्ड्यात, माझ्या सिद्धारामनं पुण्याहून फोन केलाय, कॉम्प्युटरवर चार पंचवीस लिव्हलंय.

सर्जेरावांनी वळून बोर्डाकडं बघितलं.

चार पंचवीस त्यांनीच लिहिलं होतं. बोर्डावर धर्मापुरीची वेळ चारचीच होती, पहिल्यापासून. पण बीडची गाडी सव्वाचारला यायची, आणि तिच्यातून धर्मापुरीचे लोक उतरायचे. कोर्टाच्या तारखेला गेलेले, दवाखान्यात गेलेले, कॉलेजची पोरं. ती माणसं रात्रभर स्टँडवर पडू नयेत म्हणून सर्जेराव रोज गाडी धरून ठेवायचे. कुणी हुकूम दिला नव्हता आणि कागदावर कुठं नव्हतं. एकोणीस वर्षं धरता धरता चार पंचवीस हीच त्यांच्या डोक्यात खरी वेळ होऊन बसली. नव्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, तो बिचारा बोर्डाप्रमाणे गाडी सोडत होता.

पळून जाता आलं असतं. कॉम्प्युटरवर कुणी लिहिलं हे म्हातारीला ठाऊक नव्हतं, विश्वेश्वरलाही नव्हतं. पण सर्जेराव पुढं झाले, पिशवी उचलली आणि कुठं सोडू म्हणून विचारलं. म्हातारीचं नाव जगदेवी. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून माजलगावात बहिणीकडं राहिली होती. आता परत तिथंच जायचं. रिक्षा नको म्हणाली, हादरे बसतात. मग दोघं बाजारातून चालत निघाले.

वाटेनं जगदेवीबाईंचं तोंड चालूच. हा नवा कंट्रोलर कडक हाय, म्हणाली, पण गाडी वेळेला सोडतो बाबा. "आधीचा कोण मेला हुता काय माहीत. रोज गाडी अडकून ठिवायचा. आमी आपले आत बसून उकडायलोत, अन् हा कुणाची वाट बघायलाय कुणास ठाऊक. हिवाळ्यात घरी जाईस्तोवर अंधार, लाईट न्हाई, म्हशी वरडायल्यात. लई शिव्या घातल्या आमी त्याला."

सर्जेराव रस्त्यातच थांबले. एकोणीस वर्षांत त्यांना एवढंच ठाऊक होतं की बीडहून आलेली माणसं धावत येऊन हात जोडतात. आत बसलेल्यांचं तोंड त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो कंट्रोलर मीच, बाई," ते म्हणाले. "अन् कॉम्प्युटरवरचं बी मीच लिव्हलंय. आज तुमची गाडी माझ्यामुळं हुकली."

जगदेवीबाईंनी उघड्या डोळ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसायलाच लागल्या. म्हणाल्या, मग बरं झालं, शिव्या पोचल्या. सर्जेरावांनाही हसू फुटलं, नाइलाजानं का होईना. मग त्यांनी बीडच्या लोकांचं सगळं सांगितलं, कुणासाठी थांबवत होतो, कावून थांबवत होतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्यांना आधीच सांगायचं की, लवकर निघा म्हणून," त्या म्हणाल्या. "आमाला कावून बसवून ठिवायचं?"

सर्जेराव पुन्हा चालायला लागले. बाईंना बहिणीच्या दारात सोडलं, तिथून सिद्धारामला फोन लावून चूक कबूल केली, आणि सकाळी परळीमार्गे जायच्या गाड्या नीट समजावून सांगितल्या. मग तडक क्लासात आले. शिवकन्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, मॅडम, बंद करा ते. माझ्या शब्दावर माणूस रस्त्यावर बसला. एकोणीस वर्षांत झालं न्हाई ते तेरा दिवसांत झालं.

शिवकन्या फटकळ खरी, पण त्या दिवशी हळू बोलली. चुकलेला बोर्ड दुरुस्त करायला पेंटर लागतो काका, म्हणाली, इथं दोन मिनिटं लागतात. चार पंचवीसचे चार करा आणि पुढं चला.

दोन मिनिटंच लागली. पण चार पंचवीस खोडून झाल्यावर सर्जेराव उठलेच नाहीत. ती पंचवीस मिनिटं त्यांची स्वतःची होती, आणि ती गेली की बीडची माणसं उघड्यावर पडत होती. मग बाईंचं बोलणं आठवलं. बीडहून दीडलाही एक गाडी होती, सव्वातीनला माजलगावात येणारी, आणि ती अर्धी रिकामी यायची. अडीचच्या, म्हणजे सव्वाचारला पोचणाऱ्या गाडीत सगळे चढायचे, कारण पुढची गाडी आपल्यासाठी धरून ठेवतात हे त्यांना पाठ झालं होतं, आणि आता ती हुकायला लागली तरी सवय सुटत नव्हती. त्यांना तशी सवय लावली कुणी? सर्जेरावांनीच. त्यांनी मॅडमला विचारलं, वेळेच्या शेजारी एक ओळ लिहिता येईल का? येईल, पण टेबलात नवा रकाना पाडावा लागेल, म्हणाली. तो रकाना पाडायला त्यांना तीन दिवस लागले. एकदा तर त्रेसष्टच्या त्रेसष्ट गाड्या गायब झाल्या आणि सगळ्या पुन्हा भराव्या लागल्या. या वेळी त्यांनी त्या बोर्डापुढं उभं राहून वहीत उतरवून आणल्या.

आणि धर्मापुरीपुढं लिहिलं: बीडहून येणार असाल तर दीडची गाडी धरा. अडीचच्या गाडीनं ही मिळणार नाही.

त्याचा छापील कागद त्यांनी विश्वेश्वरकडं नेला आणि आपलं सगळं पुराण सांगितलं. विश्वेश्वरनं तो कागद खिडकीवर चिकटवला, दुसरा बीडच्या स्टँडवर पाठवला. बीडच्या कॉलेजातली पोरं सायबर कॅफेत पान बघतच होती. आणि राहिलेल्या धर्मापुरीला जगदेवीबाईंनी ऐकवलं. त्या कामी इंटरनेट त्यांच्या पासंगालाही पुरलं नसतं.

सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सर्जेराव स्टँडच्या गेटपाशी उभे होते. चार वाजले. विश्वेश्वरनं गाडी पुकारली आणि धर्मापुरी फलाटावरून हलली. गेटवर ती मंद झाली. ड्रायव्हर पंडित जुना माणूस, पंधरा वर्षं सर्जेरावांच्या हाताखाली थांबलेला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, थांबायचं का?"

सर्जेरावांनी घड्याळ बघितलं. अजून पंधरा मिनिटांनी बीड येणार होती. त्यातून एखादी लेकुरवाळी उतरली, एखादा पेशंट उतरला, तर? हो म्हणणं किती सोपं होतं.

"जाऊ द्या," ते म्हणाले.

गाडी गेली. ती पंधरा मिनिटं त्यांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. दोनदा पाणी प्यायले, तिसऱ्यांदा नळापाशी जाऊन तसेच परत आले. सव्वाचारला बीड लागली तेव्हा ते दारापाशीच उभे होते, आणि उतरणाऱ्या एकेका माणसाला विचारत होते, धर्मापुरी का? कुणी माजलगावचं होतं, कुणी पाथरीला निघालं होतं. शेवटी कंडक्टर उतरला आणि त्यानं कुणाला शोधताय म्हणून विचारलं.

सर्जेरावांनी पायरीवर चढून आत नजर टाकली. गाडी पार रिकामी होती.

"कुणालाच न्हाई," ते म्हणाले, आणि त्या रिकाम्या गाडीकडं बघत तोंडभरून हसले.