बायडाबाईच्या वाटणीचा धूर

आत्याने कापड हातात घेतलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. कापड पांढरंशुभ्र होतं. आठवड्यापूर्वी तिने स्वतः ते बायडाबाईच्या चुलीवरच्या वाशाला बांधलं होतं आणि ते किती काळं झालं हे बघायलाच ती आज डोंगर चढून आली होती.

"मावशी, हे असं कसं?"

"धुतलं की," बायडाबाई ताठ मानेने म्हणाली. "लोकाची वस्तू काळी करून माघारी द्यावी व्हय? डोंगरात ऱ्हातो म्हून काय झालं?"

माझी आत्या अंबूबाई टाकव्याची. एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला ती ग्रामसेविका होती आणि घरोघरी बिनधुराची चूल बसवायचं काम तिच्याकडे होतं. घरातली हवा तपासायचं यंत्र तेव्हा कुणी पाहिलं होतं? आत्याने आपली युक्ती काढली. मांजरपाटाचा तुकडा आठवडाभर चुलीवर टांगायचा आणि मग घरच्या बायकांपुढे धरायचा. भाषणापेक्षा काजळी लवकर पटते, असं ती म्हणे. वडिवळ्याच्या वरच्या वाडीत मात्र तिची गाठ बायडाबाईशी पडली होती.

घर कारवीच्या कुडाचं, गवताने शाकारलेलं, खिडकी नसलेलं. आत बायडाबाई, तिचा मुलगा बुधा, सून हिरी आणि हिरीची तान्ही चिंगी. हिरीची आधीची दोन्ही पोरं पावसाळ्यात छाती भरून गेली होती. आता चिंगीही घरघरायला लागली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. आत्याला त्या घरात दुसरं काही दिसतच नव्हतं.

"धूर न्हाई तर छप्पर ऱ्हाईल का?" बायडाबाई म्हणायची. "वाशाला भुंगा लागंल. बियाच्या भातात किडं व्हतील. मग खायाचं काय?"

हे खोटं नव्हतं. आत्या शेतकऱ्याच्या घरची, तिला ते कळत होतं. म्हणून तर तिने वाद न घालता कापड टांगलं होतं, आणि तेच म्हातारीने धुऊन टाकलं होतं. आत्या कापडाची घडी घालायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "लवकर निघाली का काजळी?"

"कुटं वो. राख लावली, रिठा लावला, वढ्याच्या दगडावर आपट आपट आपटलं. लय चिकाट. हात भरून आलं माजं."

आत्याचा हात थांबला. "कापडाची निघाली, मावशी. पोरीच्या छातीतली कुटं धुयाला न्यायची?"

हिरीच्या मांडीवर चिंगीचा श्वास वाजत होता. बायडाबाईने नातीच्या छातीवर हात ठेवला. मग उठली, आत्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "कंदी घालताय चूल?"

चूल झाली. आत्याने माती मळली, बुधाने कामशेतहून खापरी नळ डोक्यावरून आणले आणि धुराडं कुडातून बाहेर काढलं. पहिल्यांदा धूर बाहेर पडला तेव्हा बायडाबाई अंगणात उभी होती. लेक सासरी निघाल्यासारखा चेहरा केला होता म्हातारीने, असं आत्या सांगे.

श्रावणात आत्या पुन्हा गेली. घर दिसलं आणि तिचं डोकंच फिरलं. धुराडं सोडून सगळ्या छपरातून धूर झिरपत होता. हिरी पोरीला घेऊन पडवीत बसली होती.

"चूल मोडली का गं?"

"न्हाई, बाई. सैपाक तिच्यावरच हुतो. सासूबाई हायती आत."

आत्या दार ढकलून आत शिरली. घमेल्यात ओल्या गोवऱ्या आणि पाला धुमसत होता आणि बायडाबाई नाकाला पदर लावून शेजारी बसली होती. आत्याचे डोळे चुरचुरले. त्या वासाने तिला लहानपणचं स्वयंपाकघर आठवलं, धुरात भाकरी थापणारी आई आठवली. त्या वासाची तिला जन्मभर माया होती आणि जन्मभर राग होता.

"दार लावा, बाई. धूर जातोय."

"मावशी, असं ठरलं नव्हतं."

"पोरीला धूर नको, येवढंच ठरलं व्हतं. छपराला तर लागतोय की. म्हून अधनंमधनं दोगींना भाईर घालती न् मी बसती. वारं खेळून गेलं, की मग घेती आत."

"मग तुमी तरी कशाला बसता?"

"इस्तू सोडून भाईर बसलं तर छप्पर पेटंल."

"आणि तुमची छाती?"

"माजं काय घिऊन बसलाय," बायडाबाई म्हणाली. "आदीची दोगंबी माज्याच मांडीवर गेली. ही न्हाई जाऊ द्यायची."

आत्याच्या पिशवीत कचेरीची छापील पत्रकं होती. ती तिने पिशवीतच राहू दिली. ती बाहेर आली आणि हिरीशेजारी बसली. चिंगी जागी होती. तिचा श्वास अजिबात वाजत नव्हता.

आतून बायडाबाईचा खोकला आला, लांबलचक. चिंगीने मान वळवली, दाराकडे पाहिलं आणि आजी ओळखून ती खुदकन हसली.

आत म्हातारी थांबली. मग पोरीसाठी मुद्दाम पुन्हा खोकली.