ट्वायलाचं नाक

व्हर्लिन स्टकी अठ्ठावीस वर्षं कॅन्ससमधल्या आपल्या गावाची गॅसवाहिनी सांभाळत होता, आणि गेली दोन वर्षं त्याला कसलाच वास येत नव्हता. तापात गेलेलं नाक परत आलंच नाही. सुताराचं नाक गेलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण गॅसला मुळात वास नसतो. त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात, आणि तो पुरेसा येतो की नाही हे ठरावीक दिवशी माणसाने हुंगून लिहावं, असा सरकारी नियम. तोही शाबूत नाकाच्या माणसाने.

व्हर्लिनने यावर तोड काढली होती. चाचणीच्या दिवशी त्याची बायको ट्वायला कॉफी घेऊन यायची आणि हवेत थोडा थोडा गॅस मिसळून हुंगायला देणाऱ्या पेटीसमोर उभी राहायची. तो हळूहळू गॅस सोडायचा, आणि तिच्या नाकाला सुरकुती पडली की तेव्हा हवेत किती गॅस होता तो आकडा लिहायचा. आकडे खरे, फक्त नाक उसनं.

आज मात्र राज्याची तपासनीस मिस प्रूइट स्वतः पेटी चालवणार होती. ट्वायला दालचिनीच्या रोलचं ताट घेऊन वेळेवर हजर.

"हुंगा," प्रूइट व्हर्लिनला म्हणाली. "वास आला की सांगा."

व्हर्लिनने वाकून डोळे बायकोकडे वळवले. सुरकुती पडली.

"आला! सडक्या कोबीसारखा, एकदम झकास!"

"मिस्टर स्टकी," प्रूइट म्हणाली, "ही नुसती हवा होती. आधी सगळ्यांना मी हवाच देते."

व्हर्लिनचा चेहरा पडला. "ट्वायला, तुला कसला वास आला गं?"

"कसलाच नाही."

"मग नाक कशाला आक्रसलंस?"

"मुद्दाम!" तिने ताट आदळलं. "मंगळवारी मी चर्चमधून आले तेव्हा शेगडी विझून गॅस सुटला होता, आणि तू तिथंच शब्दकोडं सोडवत बसला होतास. वर मला बघून हात हलवलास! कबूल कर, कबूल कर म्हणून घसा कोरडा केला मी. तुझं आपलं एकच, पेन्शनपर्यंत ढकलू. पेन्शन काय मी एकटीने बसून खाऊ?"

व्हर्लिनला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, त्या हलवलेल्या हाताची भीती वाटली. "माझं नाक गेलंय, मॅडम," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"हे मी लिहिणार," प्रूइट म्हणाली. "दंडही होईल. पण खणायला, झडपा बघायला नाक लागत नाही. हुंगायला मात्र रीतसर शिकवलेला दुसरा माणूस नेमा." आणि तिने ट्वायलाकडे पाहिलं.

"शिकेन की. पण मग मी कॉफी आणणार नाही हं," ट्वायला म्हणाली.

परतताना गाडी व्हर्लिन चालवत होता.

"मी विजेची शेगडी सांगून आलेय," ट्वायला म्हणाली. "उद्या येईल."

गॅसवाल्याच्या घरात विजेची शेगडी! गावाला वर्षभर हसायला पुरलं असतं. व्हर्लिनने तिचा हात धरला.

"तुझा तो मोठा तवा मावेल ना तिच्यावर?" त्याने विचारलं.