दहाला जाणारी ट्यूब

मी संशयी माणूस आहे. भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्यापर्यंत कशावर माझा चटकन विश्वास बसत नाही. त्यामुळे आमच्या खोलीतली ट्यूब सरळ वागत नाही, हे माझ्या लवकरच ध्यानात आलं.

माझ्या बायपासच्या वेळी माझी बायको अबीगेल आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलली होती: राफेल धडधाकट घरी आला, तर शब्बाथ कडक पाळीन. मी आलो. तेव्हापासून शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्या पनवेलच्या एका खोलीच्या घरात कुणी बटणाला हात लावत नाही. जेवायला उजेड हवा म्हणून ट्यूब आधीच लावून ठेवायची. ती रात्रभर जळायची आणि मी तिच्याकडे बघत पडायचो. डॉक्टर म्हणाले, झोप झाली नाही तर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही.

मग मी टायमर बांधला. दहा वाजले की रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका, उघडून वीज तोडेल आणि बटणाला हात न लावता ट्यूब जाईल. मध्ये ऑप्टोकपलर घातला, काळा, चार पायांचा, नखाएवढा. त्याच्या पोटात एका बाजूला बारीकसा दिवा असतो आणि समोर तो बघणारा डोळा. दोघांना जोडणारी तार नाही, फक्त उजेड. म्हणून एका बाजूची वीज दुसरीकडे घुसत नाही. शब्बाथ तोंडावर आला होता, तपासायला वेळ मिळाला नाही. पण रात्री ट्यूब गेली आणि कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपलो.

पुढे मात्र डोळे मिटून पडलो की जाणवायचं, ती कधी दहाला जायची, कधी बरीच उशिरा. आधी मी दुकानदाराला धरलं. नकली माल गळ्यात मारला असणार. मग वरच्या मजल्यावरच्या हरेशला. त्याचा पंप सुरू झाला की आमचे दिवे मंदावतात. जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाला, "अंकल, रात्री मी पंप कशाला लावू?" हे तो जरा जास्तच पटकन बोलला.

मग एका शनिवारी सकाळी ट्यूबचं बटण बंद दिसलं. रिलेनं ट्यूब घालवली, तर बटण चालूच राहायला हवं.

"तू हात लावलास?"

"मी? शब्बाथला?" अबीगेलनं घातलेली चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. "तुमच्या वायरींतलं मला काय कळतंय."

रविवारी ती बाजारात गेल्यावर मी डबा उघडला. कपलरच्या एका कोपऱ्यावर ठिपका असतो. तिथल्या पायाला प्लसची तार हवी. मी मायनसची जोडली होती. म्हणजे आतला दिवा एकदाही लागला नव्हता, डोळ्याला काही दिसलं नव्हतं, रिले हललाच नव्हता. माझ्या यंत्रानं एकाही शुक्रवारी काहीही केलेलं नव्हतं.

मला भयंकर राग आला. मी मोबाइल उचलला तरी डोळे वटारणारी ही बाई माझ्या पाठीमागे बटणं दाबते. मी दोन तारांची अदलाबदल केली, टायमर पुढे सरकवून पाहिला. रिले टक् करून उघडला. तिला काही बोललो नाही. मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं.

शुक्रवारी मनुकांचं सरबत, प्रार्थना, जेवण, सगळं नेहमीसारखं झालं. मी डोळे मिटून मुद्दाम घोरायला लागलो. थोड्या वेळानं खाट करकरली. पापणीच्या फटीतून पाहिलं, तर अबीगेल भिंतीशी उभी होती. बोट बटणापाशी नेलेलं, पण टेकवलेलं नाही.

"नवस मी मोडतेय, त्यांनी नाही," ती पुटपुटली. "काय शिक्षा करायची ती मला कर. त्यांची झोप होऊ दे."

मला माझीच लाज वाटली. घोरणं आपोआप थांबलं.

तेवढ्यात टक् झालं आणि ट्यूब गेली.

अंधारात ती चाचपडत खाटेशी आली. मग हळूच म्हणाली, "अहो, जागे आहात?"

"नाही," मी म्हणालो.

"मग घोरा की," ती म्हणाली, आणि तिचा हात माझ्या छातीवर येऊन टेकला.