बरं की

संयोगितानं बूट काढला आणि पोटरीला चिकटलेली जळू चिमटीभर मिठानं सोडवली. तेवढ्यात तिचा नवरा पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

"अहो! थांबा की जरा!"

हंबीरराव थांबले नाहीत. छत्री काखेत, मान खाली, आणि चाल अशी की जणू उशीर झाला तर धबधबा बंद करून माणसं घरी निघून जातील.

"जाऊ दे गं आक्का," मागून येणारी शाहिस्ता म्हणाली. ती उचगावात त्यांच्या शेजारीच राहायची. "आमचं बी तसंच. लग्नाआधी मागं मागं, लग्नानंतर पुढं पुढं."

संयोगिता हसली नाही. तिनं बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं आणि चालवतही नव्हतं.

कोल्हापुरात चार माणसं एका दिशेला चालायला लागली की त्यांचं मंडळ होतं. यांचंही झालं होतं. 'रविवार धबधबा मित्र मंडळ'. कृष्णात अध्यक्ष, त्याच्या गळ्यात शिट्टी. शाहिस्ताच्या नवऱ्यानं, लालासाबनं, सगळ्यांना टी-शर्ट शिवून दिले होते आणि त्यांच्या पाठीवर वाघ छापून घेतला होता. धबधब्याचा आणि वाघाचा काय संबंध, असं संयोगितानं विचारलं तेव्हा अध्यक्षांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं होतं. मंडळ म्हटल्यावर वाघ नको?

गगनबावड्याच्या अलीकडं, नदीच्या कडेनं जंगलात शिरणारी ही वाट मंडळानं आज निवडली होती. वाटेवर तीन धबधबे. पहिल्यापाशी फोटो झाला, घोषणा झाली, आणि लगेच शिट्टी वाजली. पाण्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

दुसरा धबधबा मोठा होता. झाडांच्या फटीतून पांढरा दिसला आणि लगेच त्याचा आवाज अंगावर आला. हंबीरराव तिथं आधीच पोचले होते आणि दगडावर उभं राहून, हात पसरून, मंडळाचं स्वागत करत होते. वाटेवर अवाक्षर न काढणारा हा माणूस पाण्यापाशी आला की त्याला वाचा फुटायची. कृष्णात काहीतरी म्हणाला. हंबीररावांनी कानामागं हात धरला, "काय?" कृष्णातनं हातवारे करून पुन्हा सांगितलं. हंबीररावांनी उलटं काहीतरी सांगितलं, तेव्हा कृष्णातनं कानामागं हात धरला. मग दोघंही खदाखदा हसले. लालासाब ओरडत होता, शाहिस्ता ओरडत होती, कुणाचं कुणाला कळत नव्हतं आणि सगळे खुशीत होते.

संयोगिता दूर उभी राहून बघत होती. घरी हा माणूस असा हसून किती दिवस झाले, ते तिला आठवेना.

घरी त्यांचं बोलणं म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवणं. साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी हयात काढून ते निवृत्त झाले, तेव्हा तिला वाटलं होतं, आता बोलतील. पण त्यांनी रंकाळ्यावरचा मित्रांचा कट्टा सोडला. भजनी मंडळ सोडलं. लग्नाकार्यात जेवून पहिल्या गाडीनं परत. फोन वाजला की तिच्या हातात. आणि मग एकदम हे धबधब्यांचं वेड. पन्हाळ्याला चला म्हटलं तर नको. तिथं गाईड बोलत बसतो म्हणे.

त्यात गुरुवारी तिनं विचारलं होतं. वर्षाराणीचा, लेकीचा, पुण्याहून फोन आला होता. बाळ लहान, सुट्टी संपली, आई, तू वर्षभर तरी ये. संयोगितानं धीर गोळा करायला दोन चहा घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं,

"मी जाऊ का पुण्याला? वर्षभर?"

हंबीरराव मोरीत पाठमोरे वाकून रविवारच्या बुटांचा चिखल धूत होते. नळ सोडलेला. मान न वळवता म्हणाले,

"बरं की."

इतकंच. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. किती दिवस, कधी, माझ्या जेवणाचं काय, यातलं काहीच आलं नाही. बूट मात्र स्वच्छ झाले. मंगळवारची गाडी ठरली, बॅग माळ्यावरून खाली आली, आणि हंबीरराव तिला वळसा घालून ये-जा करत राहिले. गेले तीन दिवस ते 'बरं की' तिची पाठ सोडत नव्हतं. माणसानं माणसाला इतक्या स्वस्तात सोडावं?

शिट्टी वाजली. मंडळ तिसऱ्या धबधब्याकडं निघालं.

ही वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंनी कारवी, वर ऐन-जांभळीची गर्दी, खाली उतारावर नदी. धबधब्याचा आवाज मागं राहिला आणि जंगल एकदम गप्प झालं. हंबीरराव पुन्हा सगळ्यांच्या पुढं. त्यांच्यामागं कृष्णात, मग बाकीचे.

डावीकडं फांद्या मोडल्या. कृष्णातनं हात वर केला आणि जागीच थिजला.

"गवा," तो कुजबुजला. "कुणी हालू नका."

कुणी हाललं नाही. लालासाबनं शाहिस्ताचा दंड धरला. कारवीतून आधी शिंगं आली, मग काळाभोर डोंगर, आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय.

"हंबीरराव," कृष्णात श्वासातून म्हणाला. "ओ हंबीरराव... थांबा..."

हंबीरराव चालत होते. गवा फुरफुरला. हंबीररावांनी मान वळवली नाही, पावलाची लय बदलली नाही. छत्री काखेत धरून ते त्या जनावराच्या नाकासमोरून, दुकानातून परत चालल्यासारखे गेले. एवढा अपमान गव्याचा आयुष्यात झाला नसावा. तो क्षणभर घोटाळला, मग वाट ओलांडून नदीकडं उतरू लागला.

सगळे कुठं राहिले ते बघायला हंबीरराव तेव्हा वळले. त्यांना गव्याची पाठ दिसली. मागं थिजलेलं मंडळ दिसलं. त्यांनी जवळचं झाड धरलं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट संयोगिताकडं पाहिलं.

ती नजर तिनं ओळखली नाही. गव्याला घाबरलेल्या माणसाची ती नव्हती. चोरी करताना घरच्याच माणसानं पाहिलं, अशी होती.

"वाघ!" कृष्णात आता बोंबलला. "वाघ हाय वाघ आमचा! गव्याला किंमत दिली न्हाय!"

"टी-शर्टाचा गुण," लालासाब म्हणाला. "आता कळलं का वहिनी, वाघ कशाला छापला?"

हंबीररावांनी त्यांची तोंडं नीट पाहिली आणि मोठ्यानं हसले. "त्याला काय करायचंय! त्यो बी रविवारचा फिरायला आलाय!"

मोठ्यानं बोलणाऱ्याकडं कोल्हापुरात कोण संशयानं बघतं? हळू बोललं तर विचारतात, बरं न्हाय का म्हणून.

संयोगिता चालायला लागली. कट्टा. भजन. फोन. थोरल्या दिरांनी कानात मशीन घातलं तेव्हा हंबीररावांनी त्यांना वर्षभर 'रेडिओ' म्हणून हाक मारली होती, भर पंगतीत. आता स्वतःचा रेडिओ कोणत्या तोंडानं आणणार? आणि सोडलेला नळ. 'बरं की' कशाला होतं ते? चहा ठेवू का? भाकरी टाकू का? काहीही असेल. तिला एकदम हसू आलं आणि पाठोपाठ रडू, आणि शाहिस्तानं विचारलं, "काय झालं गं?" तर ती म्हणाली, "जळू."

तिसऱ्या धबधब्यापाशी मंडळानं वाघाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. वाघ उतरला, बाजूला जाऊन एका दगडावर बसला. या वेळी त्यानं हात पसरले नाहीत. तुषार अंगावर येत होते तरी छत्री उघडली नाही.

संयोगिता त्यांच्या शेजारी बसली नाही. समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडं येईपर्यंत थांबली. मग पाण्यापाशी सगळे बोलतात तसं, हात हलवत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"मंगळवारी. मी. पुण्याला जाणार. वर्षाराणीकडं."

हंबीरराव बघत राहिले. "कशाला?"

तिनं बाळाला जोजवून दाखवलं.

"किती दिवस?"

"वर्षभर."

"मला न सांगता?"

"सांगितलंवतं. गुरुवारी." तिनं नळ सोडून दाखवला, बूट घासून दाखवला. "बरं की म्हणालात."

हंबीररावांनी स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. ते पुन्हा चिखलानं भरले होते. त्यांनी खिशातून भडंगाची पुडी काढली, उघडली, एकही दाणा न खाता मिटली. मागं कृष्णात फोटोसाठी शिट्टी फुंकत होता. गाल फुगलेले दिसत होते, आवाज येत नव्हता.

मग हंबीररावांचे ओठ हलले. सबंध गल्लीला जाग आणणारा तो माणूस इतक्या हळू बोलला की पाण्यात ते विरून गेलं. संयोगिताला काही ऐकू आलं नाही. पण ती त्यांच्या ओठांकडं बघत होती, आणि तीनच शब्द होते. ऐकू येत न्हाय.

ती थोडी पुढं झुकली, कानामागं हात धरला आणि म्हणाली,

"काय?"