जेवणाआधी दोन मिनिटं शांतता

वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात नवं घड्याळ लागलं होतं. यापुढे जेवण वेळेवर मिळेल, हे सांगण्यासाठी अध्यक्षांनी त्या दिवशीचं जेवण थांबवून ठेवलं होतं. झाकलेल्या पातेल्यांतून वाफ निसटत होती. आयुष्य निसटतं तशी, कुणाचं लक्ष नसताना.

आक्कांचं लक्ष मात्र धाकट्या भावाकडे होतं. नर्सनं नेहमीच्या वेळी त्याला इन्सुलिन टोचलं आणि फीत कापायची कात्री घेऊन ती व्यासपीठामागे गेली. सुई वक्तशीर, ताट बेपत्ता. आता त्याला दरदरून घाम फुटला होता.

"खिशातली साखर खा, मेल्या."

"सकाळीच खाल्ली."

"का?"

"गोड होती."

आक्का ताडकन उठल्या. "साहेब, जेवण!"

"जेवणाकडेच येतोय, आजी!" म्हणत अध्यक्ष आपल्या बालपणीच्या उपासमारीकडे वळले.

व्यवस्थापक धावत आला. "अहो, याची साखर उतरतेय!" आक्का म्हणाल्या.

"परवाही उतरली होती. गोडाची दुसरी वाटी मिळाल्यावर चढली. बसा."

मग आक्कांनी टाळ्या सुरू केल्या. सगळं भोजनगृह इशारा समजलं. भाषणं अशीच बुडवायची असतात. पण अध्यक्षांचे डोळे पाणावले. "तुमचं हे प्रेम पाहून..." म्हणत त्यांनी खिशातून आणखी कागद काढले.

"आक्का, मला दोन दोन अध्यक्ष दिसतायत," भाऊ कलंडत पुटपुटला.

आक्कांनी त्याला खुर्चीत सावरून बसवलं. जन्मभर त्या याच्याशीच भांडल्या होत्या. भांडावं असं दुसरं माणूस आता उरलंच नव्हतं.

त्यांनी रिकाम्या ताटावर चमचा आपटला. "दिवंगत आत्म्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं!"

वृद्धाश्रमात या वाक्याला कुणी प्रतिप्रश्न करत नाही. खुर्च्या सरकल्या, माना झुकल्या. व्यवस्थापकानं हात जोडले. अध्यक्षांनीही आधी कागद मिटले, मग डोळे. त्या गाढ शांततेत आक्का सपाता फटफटवत व्यासपीठावर गेल्या, अध्यक्षांपुढचा संत्र्याच्या रसाचा पेला उचलून परतल्या आणि भावाच्या ओठांना लावला. आवाजानं नर्सनं मान वर केली, भावाचा चेहरा पाहिला आणि कात्री टाकून धावली. आचाऱ्यानं कुणाला न विचारता झाकणं काढली.

"पण... गेलं कोण?" अध्यक्षांनी एक डोळा उघडून विचारलं.

"अजून कुणी नाही," आक्का म्हणाल्या. "पण तुम्ही पुन्हा सुरू झालात, तर सांगता येत नाही."

भावानं पेला रिकामा केला. बऱ्याच वेळानं त्याच्या गालांवर रंग परतला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"आंबट होता, आक्का."

आक्कांनी त्याला एक टपली मारली आणि पदरानं डोळे पुसले.