नाव नसलेली चिठ्ठी

कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात माणसं पाचच होती, पण बोलण्याचं काम एकट्या पॉलिशवाल्यानं अंगावर घेतलं होतं. तयार कवळी घासून गुळगुळीत करणं हे त्याचं पगारी काम, आणि ते करता करता तोंड अखंड चालू ठेवणं ही त्याची समाजसेवा. त्यामुळे मालकांनी एका दुपारी बाई सोडून सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं आणि "भाषण कोण करणार?" असं हळू आवाजात विचारलं, तेव्हा चार बोटं पॉलिशवाल्याकडे वळली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं.

बाईंना पुढच्या गुरुवारी पंचावन्न वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांना न सांगता केक कापायचा बेत ठरला होता. बाई म्हणजे मेणात दात मांडणाऱ्या. कोणता दात किती पुढे, कोणता किंचित तिरका, म्हणजे माणूस खरं हसतोय असं वाटेल, हे तीस वर्षं त्याच ठरवत होत्या. शिवाय कारखान्यातलं यच्चयावत लेखन त्यांच्याच गळ्यात. रजेचे अर्ज त्यांचे, दातांच्या डॉक्टरांना माफीची पत्रं त्यांची, आणि मालक दरवर्षी कवळीवाल्यांच्या मेळाव्यात जे 'उत्स्फूर्त' भाषण करत, तेही त्यांचंच. फोन घेणाऱ्या मुलीच्या वाढदिवसाला पॉलिशवाल्यानं केलेल्या ज्या भाषणानं ती रडली होती, तेसुद्धा बाईंनी डबा खाता खाता लिहिलं होतं. टाळ्या अर्थात पॉलिशवाल्याला मिळाल्या आणि त्यानं त्या नम्रपणे ठेवून घेतल्या.

"या वेळी मात्र बाईंनी लिहिलेलं चालायचं नाही," मालक म्हणाले. हा विनोद आहे असं समजून प्लास्टरवाले काका हसले. काकांना ऐकू कमी येई, त्यामुळे ते सगळ्यालाच हसत.

पॉलिशवाला हसला नाही. मागे त्या मुलीचा केक खाताना बाई एक वाक्य बोलल्या होत्या, ते त्याच्या डोक्यात अडकून बसलं होतं. "माझ्या वाढदिवसाला मी रजाच टाकते बाबा. नाहीतर माझं भाषण मलाच लिहावं लागायचं." तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तोच खिदळला होता. घरी जाताना मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. पहिल्या महिन्यात त्यानं घासून घासून एका कवळीचा सुळाच नाहीसा केला होता. तेव्हा बाईंनी ती कवळी काही न बोलता पुन्हा मांडली होती आणि मालकांना पत्ता लागू दिला नव्हता. तीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. आता त्या लिहायच्या होत्या आणि त्या त्यानंच लिहाव्या असं त्याला मनापासून वाटत होतं. मनापासून वाटणं आणि लिहिता येणं यांत किती अंतर असतं, हे त्याला तीन संध्याकाळींत कळलं.

पहिल्या संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून 'आदरणीय बाई' असं लिहिलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याखाली रेघ मारली. तिसऱ्या संध्याकाळी आणखी एक रेघ मारून तो छताकडे पाहत बसला, तेव्हा बायकोला दया आली.

"तू नुसतं सांग त्यांच्याबद्दल, मी लिहून काढते," ती म्हणाली.

"बाई ना? बाई वेळेवर येतात."

"बरं. आणखी?"

"वेळेवर जातात."

बायकोनं पेन ठेवून दिलं. "अकरा वर्षं शेजारी बसतोस ना रे त्यांच्या?"

"शेजारीच बसतो. तोंड कामाकडे असतं."

"तोंड कुठे असतं ते मला माहीत आहे," बायको म्हणाली आणि झोपायला गेली.

मंगळवारी पॉलिशवाल्यानं हात टेकले. ज्या कामासाठी सगळं जग बाईंकडे जात होतं, त्यासाठी तोही बाईंकडेच गेला. फक्त भाषण त्यांचंच आहे हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं आणि त्याची सोय कारखान्याच्या रिवाजातच होती. त्यांच्याकडे दात बसवून घेणारा माणूस कधी येत नसे, यायची ती चिठ्ठी. डॉक्टर चिठ्ठी पाठवत, तिच्यावर नंबर, बाई की पुरुष, वय, वरची की खालची, दातांचा रंग, कधी हवी, आणि सगळ्यात खाली 'विशेष सूचना'. नाव नसे, नावाशी यांना काय करायचंय. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याला आयुष्यभर हसता येईल असं काहीतरी त्या चिठ्ठीवरून बनवायचं. पॉलिशवाल्याच्या बुद्धीनं अशी झेप घेतली की जे दातांना चालतं ते भाषणाला का चालू नये. त्यानं कोरी चिठ्ठी घेतली आणि भरली. बाई. वय पंचावन्नच्या आसपास. नोकरी तीस वर्षं. स्वभाव कडक पण चांगला. वाढदिवसाचं भाषण, एक नग. गुरुवारी हवं.

बाईंनी डबा उघडला होता. चिठ्ठी वाचून त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कोणासाठी रे?"

"बायकोच्या शाळेतल्या हेडबाई आहेत. तिलाच बोलायचंय, पण तिला जमत नाही." खोटं बोलायला त्याला कधी चिठ्ठी लागत नसे.

"काय आवडतं त्यांना?"

"माहीत नाही."

"कशावर चिडतात?"

"कल्पना नाही बाई."

"त्यांची एखादी आठवण तरी असेल. काही केलं असेल त्यांनी कोणासाठी."

"माझी कुठे ओळख आहे त्यांच्याशी," पॉलिशवाला म्हणाला, आणि हे एवढं एक वाक्य त्या दिवशी तो खरं बोलला.

"मग बायकोला विचार. मी जागा सोडून ठेवते," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा बाजूला सारला आणि जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठींवर लिहायला घेतलं. सुट्टी संपेपर्यंत भाषण तयार होतं. डबा तसाच राहिला, तो त्यांनी झाकण लावून पिशवीत ठेवला.

आता बाईंचं टपोरं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून पॉलिशवाल्यानं बुधवारी ते भाषण आपल्या वहीत उतरवून काढलं. उतरवण्याचं शिक्षणही त्याला बाईंनीच दिलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी रजिस्टरात लिहिताना आपली अक्कल चालवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पूर्वी कोणीतरी चिठ्ठी 'सुधारली' होती आणि एका गृहस्थांना दोन्ही कवळ्या खालच्या गेल्या होत्या. तेव्हापासून जे लिहिलंय ते, जसं लिहिलंय तसं, अर्थाच्या भानगडीत न पडता. अकरा वर्षांत पॉलिशवाल्यानं बाईंची ही एकच शिकवण पूर्ण अंगी बाणवली होती. त्यानं भाषण अक्षर न अक्षर उतरवलं, 'हेडबाई' दिसलं तिथे तेवढं 'बाई' केलं, आणि आपण फार मोठं लेखन केल्यासारखी बोटं मोडली.

गुरुवारी चार वाजता बाई डॉक्टरांकडे माल पोचवून परत येणार होत्या. रजा त्यांनी टाकली होती, पण मालकांनी तातडीचं काम काढून ती नामंजूर केली होती. वाढदिवस साजरा करण्याची ही मालकांची रीत. त्यांच्या हुकुमावरून दिवे बंद करण्यात आले. पश्चिमेच्या खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं आणि भांड्यांच्या मांडणीमागे दडलेले चौघं रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसले असते, पण दिवे बंद हवेत म्हणजे हवेत. प्लास्टरच्या पोत्याला टेकून बसल्यामुळे काकांना शिंका येऊ लागल्या. बाई दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, "काका, बाहेर या, सर्दी होईल."

आश्चर्याचा धक्का तो एवढाच. तरी केक पाहिल्यावर बाई थबकल्या. केकवर मालकांनी 'बाई' असं लिहून घेतलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि आपल्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते मांडलेलं नव्हतं. ते पाहून पॉलिशवाल्यानं वही पाठीमागे धरली.

"आणि आता भाषण," मालक म्हणाले. "हे मात्र आमच्या पठ्ठ्यानं स्वतः लिहिलंय हं बाई. तुमची मदत न घेता. माझी अटच होती तशी."

"खरंच?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. पॉलिशवाल्यानं घाईघाईनं वही उघडली.

"काही माणसं खोलीत येतात तेव्हा कळत नाही," तो वाचू लागला, "पण एक दिवस आली नाहीत तर सगळी खोली अडून बसते."

फोन घेणारी मुलगी 'वा' म्हणाली. पॉलिशवाला चढत्या आवाजात वाचत राहिला. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तेव्हा बाईंचं हसू मावळलेलं होतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. एखादी ओळखीची वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशा त्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांचे ओठ त्याच्याआधी मिटत होते. इथेच थांबावं असं त्याला वाटलं. पण गाडी उताराला लागली होती.

"आता त्यांची एक आठवण सांगते," तो वाचत गेला. "इथे एक खरी आठवण घालावी. स्वतः पाहिलेली, ऐकीव नको. नसेल तर हा भाग गाळावा, पण खोटी घालू नये."

काकांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवत नाही हे पाहून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"सांगते?" फोनवाली मुलगी म्हणाली. "काय घालावी?" मालक म्हणाले. पॉलिशवाल्याची दातखीळ बसली. सगळ्या कारखान्यात दातांचाच धंदा असला तरी ही गोष्ट तिथे पहिल्यांदाच घडत होती.

तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "गाळ तो भाग. पुढचं वाच, पुढचं बरं आहे."

त्या सुळ्याच्या वेळीही त्यांनी असंच सांभाळून घेतलं होतं. पॉलिशवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचं खरंच बरं होतं. ते वाचलं असतं तर टाळ्या झाल्या असत्या, केक कापला गेला असता आणि मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. त्यानं वही मिटली.

"खरी आठवण एक आहे," तो म्हणाला. चढता आवाज कुठल्या कुठे गेला होता. "परवाची. मंगळवारी मी बाईंना चिठ्ठी दिली. एका बाईंसाठी भाषण पाहिजे म्हणून. बाईंनी विचारलं त्यांना काय आवडतं, कशावर चिडतात. मी म्हटलं माहीत नाही. आठवण विचारली, तर म्हटलं माझी ओळख नाही. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि त्या ओळख नसलेल्या बाईंसाठी अर्धा तास लिहीत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी शेजारीच बसून माझा डबा खात होतो. हे मी स्वतः पाहिलंय. ऐकीव नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला, पण ज्यांची सगळी उत्स्फूर्त भाषणं याच हातची होती त्यांना रागवायला तोंड कुठून येणार. ते मेणबत्त्या सरळ करू लागले.

बाईंनी हात पुढे केला. त्यानं वही दिली. एप्रनच्या खिशातून लाल पेन्सिल काढून त्यांनी त्या सूचनेवर काट मारली आणि समासात काहीतरी खूण केली.

"हा भाग जमला," त्या म्हणाल्या. "थोडा घासावा लागेल. पण बसेल."

"बाई, तुम्हाला काय आवडतं?" पॉलिशवाल्यानं विचारलं. "मला खरंच लिहायचंय. आज नाही, पण लिहीन."

बाईंनी लाल पेन्सिल खिशात ठेवली, पुन्हा बाहेर काढली. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"चिठ्ठी काढ," त्या शेवटी म्हणाल्या. "आठवेल तसं सांगते. आणि या चिठ्ठीवर आधी नाव लिही."

त्यानं कोरी चिठ्ठी घेतली, पेन्सिल टेकवली, आणि ती तिथेच थांबली. त्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी फोनवाल्या मुलीकडे पाहिलं. ती केकवरच्या त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. काका सगळ्यांकडे पाहून हसले.

"विचार की," बाई म्हणाल्या.

पॉलिशवाल्यानं विचारलं. बाईंनी सांगितलं, आणि त्यानं ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं.